वेपची (ई-सिगारेटची) कॉईल जुनी होते म्हणजे नक्की काय होतं? तार झिजते, कापूस जळतो की आणखी काही?

लीड्सकर
मंडळी, आधीच सांगतो, हा धागा वेपची भलामण करायला काढलेला नाही. मी इंग्लंडात असतो, बरीच वर्षं सिगारेट ओढली, ती वेपमुळे सुटली. सुरुवातीला डिस्पोजेबल वापरायचो, संपलं की टाकून द्यायचं, आत काय चाललंय हे बघायचा प्रश्नच नव्हता. १ जून २०२५ पासून इकडे डिस्पोजेबल विकायला बंदी आली, त्यामुळे आता चार्ज होणारं, लिक्विड भरायचं आणि कॉईल (लिक्विड तापवून त्याची वाफ करणारी तार किंवा जाळी) बदलायची असं यंत्र घेतलंय. त्यामुळे ती कॉईल पहिल्यांदाच डोळ्यांना दिसायला लागली. नवी असते तेव्हा चकचकीत जाळी, भोवती पांढरा कापूस. काही दिवसांनी टाकीतलं लिक्विड तपकिरी होतं, चव आधी बोथट होते, मग गोडसर करपट, आणि मग एक दिवस असा झुरका बसतो की घसा सोलून निघतो.

दुकानदार म्हणतो आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलायचीच. आता कॉईल विकणारा तोच, त्यामुळे त्याचं किती मनावर घ्यायचं कळत नाही. मला खरंच समजून घ्यायचंय की आत काय बदलतं. धातू झिजतो का, झिजत असेल तर तो जातो कुठे, माझ्या फुफ्फुसात? करपट चव तारेची, कापसाची की लिक्विडची? आणि बदलायची वेळ कॅलेंडर बघून ठरवायची की चवीवरून? इथे धातूवाले, रसायनवाले, डॉक्टर सगळे आहेत म्हणून विचारतोय.

कोल्हापुरी_तडका
जागा राखून ठेवतो. धातूवेडा कुठायत? त्यांना हाक मारा कुणीतरी.

सई_पुणे
स्पष्ट बोलते, राग मानू नका. असल्या गोष्टीवर धागा कशाला? भारतात यावर बंदी आहे आणि योग्यच आहे. कॉलेजची पोरं वाचतात हे संस्थळ. सोडून द्या ना सरळ, कॉईलचा प्रश्नच मिटेल.

लीड्सकर
सईताई, राग अजिबात नाही. सोडायचंय हे नक्की आहे. पण सोडेपर्यंत रोज जे छातीत ओढतोय ते काय आहे हे माहीत असावं असं वाटतं. सिगारेट ओढताना कधी विचारलं नव्हतं, आता विचारतोय.

संपादक मंडळ
विषय तांत्रिक आणि आरोग्याचा आहे त्यामुळे धागा राहील. फक्त एक विनंती, भारतात हे कुठे मिळतं, कसं मागवायचं असे प्रश्न किंवा उत्तरं आली तर प्रतिसाद उडवला जाईल. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळं बंद आहे, साठवण सोडून बाकी कशालाही पहिल्या गुन्ह्यालाच १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. सुट्टीला घरी येताना बॅगेत आणणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा.

धातूवेडा
आलो आलो. माझं सगळं आयुष्य भोसरीच्या हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांमध्ये गेलं, आणि तुमच्या त्या चिमुकल्या कॉईलमध्ये जो धातू आहे तोच आमच्या भट्टीच्या भिंतीला वेटोळं घालून बसलेला असतो. त्यामुळे विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, थोडं लांबण लागेल.

मुख्य तीन प्रकार. एक कॅन्थल, म्हणजे लोखंड, त्यात २०-२२ टक्के क्रोमियम आणि ५-६ टक्के अॅल्युमिनियम. ही मूळची स्वीडनची मिश्रधातू, १९३१ पासून कंपनी आहे. दुसरी नायक्रोम, ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम, तिचं पेटंट अमेरिकेत अल्बर्ट मार्शने १९०६ साली घेतलं, घरोघरच्या टोस्टर-हीटरचा जन्म तिथून. तिसरं ३१६एल स्टेनलेस स्टील. तिघांचंही जगण्याचं गुपित एकच, अंगावर ऑक्साइडचा पातळ थर. कॅन्थलवर अॅल्युमिनाचा, बाकी दोघांवर क्रोमियम ऑक्साइडचा. हा थर आहे तोवर आतला धातू सुरक्षित. तार तापते तेव्हा धातू जास्त फुगतो, थर कमी फुगतो, थंड होताना उलटं, असं हजारो वेळा झालं की थराला तडे जाऊन पापुद्रे सुटतात. मग आतलं अॅल्युमिनियम नवा थर बनवायला खर्ची पडतं. जाड पट्टीत त्याचा साठा भरपूर असतो, केसासारख्या तारेत किंवा पातळ जाळीत तो फारच थोडा. साठा संपला की मग लोखंडच गंजायला लागतं आणि तिथून शेवट लवकर येतो.

पण, आणि हा पण मोठा आहे, हे सगळं होतं भट्टीच्या तापमानाला, हजार-बाराशे अंशांना. तुमची कॉईल ओल्या कापसात असताना साधारण दोनशे-तीनशे अंशाच्या आसपास असते. त्या तापमानाला कॅन्थलला काहीसुद्धा होत नाही हो, ते त्याच्या दृष्टीने गारच. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर, तापून तार झिजली म्हणून कॉईल मेली असं क्वचितच होतं. आधी दुसरंच काहीतरी मरतं.

सुटलेला_माणूस
धातूवेडा, तुमच्या प्रतिसादावरून होस्टेलची शेगडी आठवली! ती मातीची प्लेट आणि त्यातली उघडी कॉईल. दर परीक्षेला तुटायची, दोन टोकं एकमेकांत पिळून परत चालू. आणि परत तिथेच तुटायची. का बरं व्हायचं असं?

धातूवेडा
@सुटलेला_माणूस, पिळलेल्या सांध्यात दोन तारा काही ठिकाणीच टेकतात, त्यात ऑक्साइडचा थर मध्ये, त्यामुळे तिथे प्रतिरोध जास्त, तिथेच उष्णता जास्त, तिथेच परत जळणार. आणि जुनी कॅन्थल एकदा लालभडक तापून गेली की आतले कण मोठे होतात, ती ठिसूळ होते, वाकवायला गेलात की कटकन मोडते. नायक्रोम त्या मानाने मऊ राहते. शेगडीवाले जुने मिस्त्री म्हणूनच तार हलकी गरम असतानाच वाकवायचे.

हेच वेपच्या कॉईललाही लागू आहे बरं का, पायाजवळचा सांधा सैल असेल तर कॉईल नवी असून त्रास देते.

सुटलेला_माणूस
त्या शेगडीवरच्या मॅगीची चव परत कधी आली नाही. अवांतराबद्दल क्षमस्व, चालू द्या.

रसायनी
धातूवेडांनी दार उघडून दिलं, आता मी आत शिरते. (हो, आयडी रसायनीचाच, गावही तेच आणि विषयही तोच.)

लिक्विडमध्ये काय असतं, प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन, स्वाद आणि बऱ्याचदा गोडवा. प्रॉपिलिन ग्लायकॉल १८८ अंशाला उकळतं, ग्लिसरीन २९० ला. तारेभोवती द्रव आहे तोवर दिलेली सगळी ऊर्जा त्याची वाफ करण्यात जाते, त्यामुळे तारेचं तापमान त्या उकळबिंदूंच्या आसपास धरून राहतं. म्हणजे तुमचं तापमान कोण सांभाळतंय तर लिक्विड सांभाळतंय, यंत्र नाही. हे एक कळलं की बाकी सगळं उलगडतं.

आता वाफ होते ती उडून जाणाऱ्यांची. जे उडत नाही ते तारेवर बसतं. सुक्रालोज हा त्यातला सगळ्यात मोठा गुन्हेगार. तो उडत नाही, १२० अंशाच्या पुढे फुटायला लागतो, काळा चिकट कोळसा बनतो आणि फुटताना हायड्रोजन क्लोराइड सोडतो. शिवाय व्हॅनिला, कस्टर्ड, कॉफी असले जड स्वाद. ग्लिसरीनचाही थोडा भाग विघटित होऊन चिकटतो. झुरक्यामागून झुरका थर चढत जातो. हा थर उष्णता अडवतो, म्हणजे तार आतून जास्त तापते आणि लिक्विडपर्यंत उष्णता कमी पोचते. त्याच वेळी कापसाच्या तंतूंमधल्या वाटा चिकटतात, लिक्विड तारेपर्यंत वेळेत येत नाही. मधला भाग क्षणभर कोरडा पडतो आणि तापमान एकदम उसळतं. तिथे कापूस तांबूस होतो, मग काळा. कापूस म्हणजे सेल्युलोज, एकदा करपला की त्याचा वास कितीही लिक्विड ओता जात नाही.

थोडक्यात लीड्सकर, चव आधी बोथट होते तो थर, आणि घसा सोलणारा झुरका तो कापूस.

कोल्हापुरी_तडका
म्हणजे कॉईलवर काकवी चढते, आणि चुलवाणाचा जाळ कमी न करता आपण ढवळायचं सोडून देतो. गुऱ्हाळावर असा गुळ लागला की अख्खी कढई घासायला बसावं लागतं. रसायनीताई, एकदम पटलं.

रसायनी
@कोल्हापुरी_तडका, अगदी तेच, फक्त कढई काथ्याने घासता येते, ही नाही.

ऑकलंडचा_बाप्या
का नाही घासता येत? मी घासतो की. 🙂

मी न्यूझीलंडला असतो, तयार कॉईल घेत नाही, तार आणून स्वतः वेटोळं करतो, कापूस स्वतः भरतो. काळी झाली की कापूस काढून टाकायचा, कमी वॉटवर कोरडीच हळूहळू तापवायची, सगळा कोळसा राख होऊन पडतो, थंड झाली की पाण्याखाली ब्रशने घासायची, नवा कापूस, झालं. एकच वेटोळं महिनोन् महिने चालतं. यावरूनच सिद्ध होतं ना की तार खराब होत नाही, कापूस आणि कचरा खराब होतो. तयार कॉईल म्हणजे पैशाची लूट आहे, चांगली तार कापसाबरोबर कचऱ्यात.

धातूवेडा
बाप्या, तुमच्याशी बऱ्याच अंशी सहमत पण दोन गोष्टींवर अडतो. एक, लालबुंद तारेवर पाणी कधी टाकू नका, काही जण टाकतात म्हणून सांगतोय. एकदम गार केली की ऑक्साइडचा थर चरचरून सुटतो आणि ते पापुद्रे तुम्ही पुढच्या झुरक्याला ओढणार. तुम्ही थंड करून धुता हे बरोबर. दोन, कोरडं तापवणं कॅन्थल आणि नायक्रोमला सोसतं, पण टायटॅनियम किंवा शुद्ध निकेलची तार असेल तर अजिबात नको. टायटॅनियमवर पांढरी भुकटी येते, जास्त तापलं तर पेटही घेऊ शकतं.

आणि तरी माझं मत असं की तुम्ही दरवेळी त्या तारेला सहा-सातशे अंशांना नेताय जिथे ती एरवी कधीच गेली नसती. म्हणजे कॉईलचं खरं वय तुम्ही साफ करताना वाढतं, वापरताना नाही.

ऑकलंडचा_बाप्या
हे मान्य. म्हणून काही वेळा धुतल्यानंतर वेटोळं सरळ नवीनच करतो, तार काही महाग नाही. टायटॅनियम मी वापरत नाही.

मावशी_ठाण्याची
नमस्कार, मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. पण विषय बघून राहवलं नाही. माझ्या मुलाच्या सॅकमध्ये असं एक सापडलं, पेनाएवढं, रंगीत, कलिंगडाचा वास. बारावीला आहे. विचारलं तर म्हणे मित्राचं आहे, आणि यात फक्त वाफ असते. त्याचे मित्र म्हणे संपलेलं फेकत नाहीत, सिरिंजने परत भरतात. वरचं सगळं वाचून आता मला भीतीच वाटायला लागली आहे. त्यातली कॉईल तर बदलताच येत नसेल ना? मी काय करू?

फुफ्फुसवैद्य
मावशी, बरं केलंत लिहिलंत. मी छातीविकारांचाच डॉक्टर, आधी तुम्हाला उत्तर देतो, कॉईलवाल्यांना नंतर.

बरोबर ओळखलंत, त्यातली कॉईल बदलता येत नाही आणि दिसतही नाही. ती एका भरणीपुरती बनवलेली असते. सिरिंजने परत भरलं की त्याच काळ्या थरावर, त्याच करपलेल्या कापसात नवं लिक्विड जातं, आणि वर रसायनींनी सांगितलं तो कोरडा झटका तिथे वारंवार बसतो. शिवाय आपल्याकडे मिळणारा सगळा माल बेकायदा, आत काय आहे याची कुणावर जबाबदारी नाही. त्यावर बऱ्याचदा ५ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे मिलीलिटरला ५० मिलिग्रॅम निकोटीन. ब्रिटनमध्ये कायद्याने कमाल मर्यादा २० आहे, यावरून अंदाज करा. या वयात निकोटीनची सवय फार पटकन लागते.

पण मावशी, त्याला धारेवर धरू नका. शांतपणे विचारा, दिवसातून किती वेळा, सकाळी उठल्या उठल्या लागतं का, नाही मिळालं की चिडचिड होते का. सकाळी उठल्याबरोबर लागत असेल तर सवय लागली आहे असं समजा आणि डॉक्टरांकडे घेऊन जा. तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत क्रमांक आहे, १८०० ११ २३५६, तिथे समुपदेशक बोलतात. तुम्ही स्वतः फोन करून आधी बोललात तरी चालेल.

सई_पुणे
मावशी, मी पुण्यातच शाळेत समुपदेशन करते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते तुम्हाला. घाबरू नका, तुम्हाला वेळेत कळलंय आणि तो तुमच्याशी बोलतोय ही मोठी गोष्ट आहे.

मावशी_ठाण्याची
खूप आभार दोघांचे. डॉक्टर, आज रात्री बोलते त्याच्याशी, ओरडणार नाही.

फुफ्फुसवैद्य
आता मूळ विषय. रसायनी, तुम्ही तापमान उसळतं म्हणालात पण त्या उसळीत काय बनतं ते लिहा की, तेच तर महत्त्वाचं.

रसायनी
लिहिते. ग्लिसरीनमधून पाणी निघून गेलं की अॅक्रोलिन बनतं, तेल करपल्यावर डोळ्यांत जातं तेच. त्याबरोबर फॉर्मल्डिहाइड, अॅसिटल्डिहाइड. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पत्र छापलं, ३.३ व्होल्टला त्यांना फॉर्मल्डिहाइड सोडणारी संयुगं सापडली नाहीत, ५ व्होल्टला सापडली. जगभर बातमी झाली. त्यावर ग्रीसचे हृदयरोगतज्ज्ञ फार्सालिनोस यांनी त्याच वर्षी दाखवलं की इतकं आल्डिहाइड फक्त कोरड्या झुरक्याच्या स्थितीत बनतं आणि तो झुरका इतका कडवट असतो की माणूस ओढूच शकत नाही, लगेच थांबतो. मला दोन्ही बरोबर वाटतात. कॉईल ओली असेल तर कमी, कोरडी पडली तर खूप. जुनी कॉईल म्हणजे कोरडी पडायला टपलेली कॉईल.

फुफ्फुसवैद्य
इथेच माझा आक्षेप आहे. 'कडवट लागलं की माणूस थांबतो' हे प्रयोगशाळेत ठीक. माझ्यासमोर जे बसतात त्यांची चव आणि वास वर्षानुवर्षं सिगारेट ओढून आधीच बोथट झालेली असते. त्यात कॉईल एका दिवसात बिघडत नाही, रोज थोडी थोडी बिघडते, जीभ त्याला सरावते. मेन्थॉल किंवा कडक गोड स्वाद असेल तर सुरुवातीची करपट छटा झाकलीच जाते. शेवटचा घसा सोलणारा झुरका सगळ्यांना कळतो, पण त्याच्या आधीचे कित्येक अर्धकरपे झुरके कुणाच्या लक्षात येतात? माझी काळजी त्या झुरक्यांची आहे. तेव्हा चव हे उपयोगी माप आहे पण सुरक्षेचं माप नाही.

ऑकलंडचा_बाप्या
डॉक्टर, मुद्दा बरोबर आहे. मी एक करतो, कॉईल बदलली की पहिल्या दिवशीची चव नीट लक्षात ठेवतो, आणि शंका आली की ताज्या कॉईलवर तेच लिक्विड ओढून बघतो. फरक एवढा जाणवतो की आपण कालपर्यंत काय ओढत होतो याचंच नवल वाटतं.

निखिल_टोरंटो
एक शंका. माझ्या यंत्रावर कॉईलचा ओहम दिसतो. तो वाढला की कॉईल जुनी असं ठरवता येईल ना? जिभेची भानगडच नको.

धातूवेडा
निखिल, चांगली शंका, पण दुर्दैवाने नाही. ओहम मोजतो फक्त धातूला, वरच्या काळ्या थराला नाही. धातू फारसा झिजत नाही हे वर पाहिलं, त्यामुळे कॉईल पूर्ण काळी होऊन सुद्धा आकडा जवळपास तोच दिसेल. आकडा उड्या मारत असेल तर सांधा सैल किंवा टोकं चिकट झाली समजा, पुसून परत बसवा. कायमचा वाढला तर जाळीची एखादी तंगडी तुटली असेल, ती कॉईल लगेच काढा कारण उरलेल्या भागातून सगळा प्रवाह जाऊन तिथे ठिणगीसारखी गरम जागा होते.

आणि आणखी एक, साधं यंत्र असेल तर बॅटरीचा व्होल्टेज आणि ओहम यावर शक्ती ठरते, ३.७ व्होल्ट आणि ०.८ ओहम म्हणजे सुमारे १७ वॉट. तुमच्यासारखं वॉट ठरवून देणारं यंत्र मात्र काहीही झालं तरी तेवढे वॉट देतंच. आत कापूस सुकलाय की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. निकेल, टायटॅनियम, थोडंफार स्टेनलेस यांचा प्रतिरोध तापमानाबरोबर वाढतो, त्यावरून तापमान ओळखून कापणारी यंत्रं आहेत, ती कोरड्या झटक्याला खरंच अडवतात. कॅन्थलचा प्रतिरोध तापून जवळपास बदलत नाही, त्यामुळे तिच्यावर ही युक्ती चालत नाही.

निखिल_टोरंटो
धन्यवाद, हे कुठल्याच दुकानात कुणी सांगितलं नव्हतं.

सुटलेला_माणूस
वाचनखूण साठवली. मी ओढत नाही पण घरचा गिझर आता वेगळ्या नजरेने बघतोय.

लीड्सकर
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. पण माझा एक प्रश्न राहिला, धातू जातो कुठे? झिजत नाही म्हणता पण वाफेत निकेल, शिसं सापडल्याच्या बातम्या वाचल्यात.

रसायनी
त्या बातम्या खऱ्या आहेत. २०१३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइडच्या गटाला वाफेत कथिल, निकेल, लोखंड, चांदी, सिलिकेटचे कण सापडले होते, कथिल डाखाच्या (सोल्डरच्या) सांध्यातून. मग २०१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने बाल्टिमोर भागातल्या ५६ वेपर्सची त्यांची स्वतःची यंत्रं घेतली. बाटलीतल्या लिक्विडमध्ये धातू नगण्य, तेच लिक्विड टाकीत राहिल्यावर आणि वाफेत मात्र शिसं, क्रोमियम, निकेल, मँगनीज, जस्त कितीतरी जास्त. म्हणजे धातू यंत्रातून येतो यात शंका नाही.

आता यातली सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट, कॉईल जे वारंवार बदलत होते त्यांच्या वाफेत धातू जास्त आढळण्याकडे कल होता. जुन्या कॉईलमध्ये जास्त असेल असं आपण धरून चालतो, इथे उलट.

सई_पुणे
म्हणजे बदलली तरी वाईट आणि नाही बदलली तरी वाईट?

धातूवेडा
सईताई, याचं मला पटणारं कारण सांगतो. नव्या धातूवर संरक्षक थर अजून नीट बसलेला नसतो, कारखान्यातलं तेल, बारीक चुरा, डाखाचा उरलेला अंश पण असतो. सुरुवातीला हे सगळं सुटतं, मग पृष्ठभाग शांत होतो. आणि लक्षात घ्या, शिसं आणि जस्त तारेत नसतंच. ते बहुतेक पितळेच्या जोडांमधून आणि डाखातून येतं. म्हणजे नुसती चांगली तार असून भागत नाही.

माझ्या मते इथली खरी झीज उष्णतेची नाही, भिजण्याची आहे. टाकीत लिक्विड दिवसेंदिवस धातूला लागून पडून राहतं, त्यात स्वादांची आम्लं, आणि रसायनींनी सांगितलेलं सुक्रालोजमधून सुटणारं हायड्रोजन क्लोराइड. क्लोराइड हा स्टेनलेसचा जुना वैरी, आमच्या कोकणातल्या साइटवर समुद्राच्या वाऱ्याने ३०४ जातीच्या स्टेनलेस रेलिंगला ठिपके पडलेले मी पाहिलेत. म्हणून म्हणतो, टाकी भरून आठवडाभर तशीच ठेवून परत ओढू नका, ते लिक्विड ओतून द्या.

ज्यांना नकली दागिन्यांची खाज येते, म्हणजे निकेलची अॅलर्जी, त्यांनी नायक्रोम आणि स्टेनलेस टाळलेलं बरं. कॅन्थलमध्ये निकेल नसतं.

फुफ्फुसवैद्य
हा प्रतिसाद मी माझ्या रुग्णांना वाचून दाखवणार आहे. इथे एक जोडतो. पब्लिक हेल्थ इंग्लंड या तिकडच्या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१५ मध्ये वेपिंग सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असा अंदाज दिला होता, तो आकडा वेपवाले जपमाळेसारखा म्हणतात. तंबाखू जाळून धूर ओढण्यापेक्षा हे कमी वाईट आहे हे मलाही मान्य, सिगारेट सोडून यावर आलेल्या माणसाला मी परत पाठवणार नाही. पण तो अंदाज करपलेल्या कॉईलचा, सिरिंजने भरलेल्या डिस्पोजेबलचा नाही. आणि कधीच न ओढलेल्या माणसासाठी तर त्याला काही अर्थच नाही, त्याची तुलना सिगारेटशी नाही, स्वच्छ हवेशी करायला हवी.

सई_पुणे
+१००० शेवटच्या वाक्याला.

कोल्हापुरी_तडका
+१. डॉक्टर, वेगळा धागा काढा यावर.

लीड्सकर
शनिवारी वेळ मिळाला, माझ्या जुन्या कॉईलचं नळकांडं पकडीने उघडलं. जे दिसलं ते लिहितो. कापूस बाहेरच्या बाजूला अजून दुधी रंगाचा, आत जाळीला चिकटलेला भाग तपकिरी, आणि जाळीच्या बरोबर मधोमध एक काळा पट्टा, तिथे कापूस नखाने चुरगळला की भुगा होतो. जाळीवर मध्ये जाड काळी साय, कडेला तिचा रंग जवळजवळ नव्यासारखा. कोमट पाण्यात भिजवून टूथब्रशने घासली, साय बरीच निघाली, खालचा धातू निळसर राखाडी पण अखंड, एकही काडी तुटलेली नाही. मल्टिमीटरवर आकडा नव्या कॉईलइतकाच. धातूवेडा आणि रसायनी, तुम्ही दोघांनी न बघता सांगितलं तसंच निघालं सगळं. माझं लिक्विड कस्टर्डचं होतं, गोड.

धातूवेडा
वा! मधोमध काळा पट्टा कारण कापसाला लिक्विड दोन्ही कडांनी मिळतं, मध्यापर्यंत ते सगळ्यात उशिरा पोचतं. निळसर रंग म्हणजे ऑक्साइडचा फार पातळ थर, तिथे तापमान कधीतरी बऱ्यापैकी वर गेलं होतं. आता पुढची कॉईल त्याच वॉटवर पण बिनगोड, पातळ लिक्विडवर चालवा आणि तशीच उघडून बघा. फरक बघायला मला खरंच आवडेल.

ऑकलंडचा_बाप्या
आणि नवी कॉईल बसवली की कापसाच्या छिद्रांवर दोन-चार थेंब आधी टाका, टाकी भरून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मगच बटण दाबा. बरेच जण नवी कॉईल पहिल्याच झुरक्याला कोरडी जाळतात आणि मग कंपनीला शिव्या देतात. लागोपाठ झुरके नको, कापसाला परत भिजायला वेळ द्या.

लीड्सकर
करतो. मग सध्या असं ठरवलंय, बिनगोड लिक्विड, वॉट पाकिटावर दिलेल्या पल्ल्याच्या खालच्या टोकाला, टाकीत शिळं ठेवायचं नाही, चव बोथट झाली की बदलायची, करपट होईपर्यंत थांबायचं नाही, पण उगाच दर आठवड्यालाही नाही. जुन्या कॉईल इकडे वेपच्या दुकानात परत घेतात, तिथेच देईन. डॉक्टर, सोबत निकोटीन पण २० वरून १० वर आणू का, म्हणजे सुटायला लागेल?

फुफ्फुसवैद्य
आणा, पण एकदम दोन्ही नको. निकोटीन कमी केलं की माणूस नकळत लांब आणि जास्त वेळा ओढतो, वॉटही वाढवतो, लिक्विड जास्त जातं आणि कॉईल जास्त तापते. म्हणजे ज्यासाठी हा सगळा खटाटोप केलात ते हातचं जाईल. आधी बिनगोड लिक्विडवर स्थिर व्हा, दिवसाला किती मिली जातं ते लिहून ठेवा. मग निकोटीन कमी करा, आणि मिली वाढले नाहीत तरच पुढची पायरी उतरा. तल्लफ फारच आली तर त्या काळापुरता निकोटीनचा पॅच सोबत लावता येतो, तुमच्या तिकडच्या स्टॉप स्मोकिंग सर्व्हिसला विचारा.

लीड्सकर
मिलीचं डोक्यातच आलं नव्हतं. वही घेतोय. सोमवारी त्यांच्याकडे वेळ घेतो आणि पॅचचं विचारतो.